वाचकांचे प्रश्न : सात महिन्यांनी पुन्हा कॉकपिटमध्ये

मागच्या अंकात रिकरंट ट्रेनिंगबद्दल, म्हणजे लायसन्स मिळाल्यावरही पायलटला ठराविक काळाने पुन्हा पुन्हा जे शिकावं आणि तपासून घ्यावं लागतं त्याबद्दल, मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या तर पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलीत. पहिल्या दोघांना जरा जास्तच जागा दिलीये, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, 140 तास झालेत. बाळ झालं, मग ऑफिसचं काम वाढलं, असं करत सात महिने विमानाला हात लावला नाही. गेल्या रविवारी एकटाच जाऊन तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केली, म्हणजे नियमाने प्रवासी न्यायला मी मोकळा. लँडिंग ठीक झाली, पण सगळा वेळ असं वाटत होतं की विमान पुढे चाललंय आणि मी मागून धावतोय. रेडिओवर दोनदा अडखळलो. आता दोन मित्रांना फिरवून आणायचं कबूल करून बसलोय. नेऊ का?

उत्तर : अजून नका नेऊ. मित्र कुठे पळून जात नाहीत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती 'मागून धावतोय' वाली आहे, आणि ती तुम्ही स्वतःहून लिहिलीत म्हणून मला तुमची फारशी काळजी नाही, काळजी वाटते ती ज्यांना असं काही वाटतच नाही त्यांची. 90 दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग हा नियम अमेरिकेतही आहे आणि युरोपातही, पण नियम जे मोजता येतं तेवढंच मोजतो. वारा नसलेल्या सकाळी, ओळखीच्या रनवेवर, रिकाम्या विमानात केलेली तीन लँडिंग त्याच्या हिशोबात तीनच, आणि उन्हाळ्याच्या दुपारी आडव्या वाऱ्यात, मागे दोन माणसं बसवून केलेलीही तीनच. अमेरिकेत तर दर 24 महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर जो फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो त्यात कमीत कमी एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत एवढंच बंधन आहे. दोन वर्षांत एक तास! मी तर म्हणेन तेवढ्यात सीट पुढेमागे करून होते फक्त.

आता गंमत अशी की बहुतेकांना वाटतं सुटी पडली की हात मोडतो. हात तितका मोडत नाही. नासाचे संशोधक स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली एक अभ्यास छापला होता, त्यात 16 एअरलाइन पायलटना बोइंग 747-400 च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि हळूहळू ऑटोमेशन काढून घेत गेले. हाताने विमान धरून ठेवणं आणि काट्यांवर नजर फिरवणं हे सराव कमी असूनही बऱ्यापैकी शाबूत निघालं. गडबड झाली ती डोक्याच्या कामात, म्हणजे नकाशाचा स्क्रीन नसताना आपण आत्ता नेमके कुठे आहोत, पुढची पायरी कोणती, कुठलं यंत्र खोटं बोलतंय, अशा गोष्टींत. तुमची लँडिंग ठीक झाली आणि रेडिओवर अडखळलात, ते याच्याशी अगदी जुळतं.

माझंच सांगते. पाठीच्या दुखण्यामुळे एकदा पाच महिने घरी होते. परत आले तेव्हा नावावर काही हजार तास होते आणि त्याचा थोडा माजही होता. जुनी सेस्ना 172, फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या, हळू उतरता यावं म्हणून खाली सोडतात, पण त्यांनी हवेचा अडथळाही वाढतो) पूर्ण 40 डिग्रीपर्यंत उतरणारी, आणि शेजारी माझ्याच हाताखाली शिकून इन्स्ट्रक्टर झालेला मुलगा. पहिली दोन लँडिंग लोण्यासारखी. तिसऱ्या वेळी जमिनीपासून शंभरेक फुटांवर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, रनवेवर गाडी आलीये समजा, गो-अराउंड." म्हणजे लँडिंग सोडून परत वर चढायचं. थ्रॉटल पूर्ण पुढे गेलं, उजवा रडर आपोआप दाबला गेला, ट्रिम लँडिंगसाठी लावलेला असल्यामुळे नाक वर उसळलं ते मी ढकलून धरलं, इथवर सगळं झकास. आणि मग काहीच नाही. विमान चढेचना. इंजिन ओरडतंय, वेगाचा काटा आहे तिथेच चिकटलाय, समोरची झाडं मोठी होतायत आणि मला आतून कळतंय की काहीतरी करायचं राहिलंय पण काय ते आठवेना. तो पोरगा हात मांडीवर ठेवून बसलेला, तोंडातून शब्द नाही. चार-पाच सेकंद गेले असतील, मग त्याने फ्लॅपच्या लीव्हरकडे नुसतं बघितलं. 40 वरून 20, मग वेग वाढेल तसे टप्प्याटप्प्याने वर, हे वाक्य मी किती पोरांकडून घोकून घेतलंय त्याची गणती नाही. आणि कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका? ती गो-अराउंडला आत ढकलायची असते, नाहीतर इंजिनची ताकद कमी पडते. ती तशीच बाहेर ओढलेली राहिलीये हे मला खाली उतरून पार्क करताना दिसलं.

तर तुम्ही असं करा. इन्स्ट्रक्टर घेऊन दोनदा उडा, आणि पहिल्या दिवशी सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या फेऱ्यांत, घोटाळू नका. उंचीवर जा, विमान अगदी हळू उडवा, स्टॉल करा (म्हणजे हवा पंखांना उचलून धरेनाशी होते ते, इंजिन बंद पडणं नव्हे), स्टॉलमधून बाहेर या, मग खाली येऊन लँडिंगपेक्षा गो-अराउंड जास्त करा. इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवा की इंजिन गेल्याचं नाटक करायला थ्रॉटल कधी मागे ओढणार ते मला अजिबात सांगू नका. दुसऱ्या दिवशी जीपीएस झाकून नकाशा आणि घड्याळ घेऊन छोटा क्रॉस-कंट्री, आणि अर्ध्या वाटेत त्याने म्हणायचं की पुढचं विमानतळ बंद झालं, आता काय करताय बोला. त्याच्या आधीच्या आठवड्यात घरी खुर्चीत बसून समोर कॉकपिटचा फोटो लावून टेकऑफपासून पार्किंगपर्यंत सगळं तोंडाने बोलत करायचं, हातही त्या त्या जागी न्यायचे. बायको हसेल, हसू दे. तोंडाने बोलायचं कारण असं की मनातल्या मनात केलं की आपण न आठवणाऱ्या जागा गपचूप ओलांडून पुढे जातो आणि ते आपल्यालाच कळत नाही, बोलताना मात्र जीभ बरोबर तिथेच अडकते. या दोन फ्लाइट झाल्या की एकदा एकटे उडा, मग एक मित्र न्या, दोघं एकदम नको. आणि आधी जेवढ्या क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, उतरत होतात त्याच्या निम्म्यावरच सध्या मर्यादा ठेवा.

प्रश्न : मी एअरलाइनमध्ये चार वर्षं फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. दर सहा महिन्यांनी सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरमधली परीक्षा, असतो पण आधी जाऊन आलेल्यांकडून काय काय येणार ते कळतंच. व्ही-वनला इंजिन जाणार, मग एका इंजिनवर अप्रोच, गो-अराउंड, लँडिंग. मी पास होतो, शेरेही चांगले असतात. पण रोजच्या फ्लाइटला टेकऑफ झाला की ऑटोपायलट लावतो आणि उतरताना शेवटच्या हजार फुटांत काढतो. खरंच काही झालं तर जमेल का, हा विचार रात्री छळतो. कॅप्टनना सांगायची सोय नाही.

उत्तर : आधी इतर वाचकांसाठी : व्ही-वन म्हणजे तो वेग, ज्याच्या पुढे गेलं की टेकऑफ सोडून देऊन रनवेवरच थांबता येईल याची खात्री राहत नाही, म्हणून इंजिन गेलं तरी उडायचं. सिममध्ये इंजिन नेमकं तिथेच मारतात, वर्षानुवर्षं. त्यामुळे होतं काय की पायलट त्या सेकंदाची वाट बघत बसलेला असतो, पाय रडरवर आधीच ताणलेले.

तुम्हाला जे छळतंय त्याचीही तपासणी झालेली आहे. याच कॅसनर मंडळींनी 2013 मध्ये 18 एअरलाइन पायलटना आधी ट्रेनिंगमध्ये येतात तशा ठराविक रीतीने सिममध्ये स्टॉल, विंडशिअर (वाऱ्याचा वेग-दिशा एकदम बदलणं), इंजिन फेल वगैरे दिलं, आणि मग तेच प्रसंग अनपेक्षित जागी, अनपेक्षित वेळी आणले. पहिल्या प्रकारात सगळे झटपट आणि बिनचूक. दुसऱ्यात उशीर, आणि प्रत्येकाचं वेगवेगळं. म्हणजे घोकंपट्टीचा पेपर सोपा गेला पण प्रश्न जरा फिरवून विचारला की पोरगं भांबावलं, हे शाळेत असताना आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं 447 रिओहून पॅरिसला जाताना जे झालं ते तुम्हाला माहीतच असेल पण परत एकदा या नजरेने बघा. 35,000 फुटांवर पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळ्यांत, बर्फ झालं, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. ते आकडे एका मिनिटाच्या आत ठीकही झाले. पण तोवर नाक वर ओढलं गेलं होतं, विमान 38,000 फुटांपर्यंत चढून स्टॉल झालं, आणि ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत 228 माणसं गेली. तपासात असं निघालं की एवढ्या उंचीवर हाताने विमान सांभाळायचं आणि वेग खोटा दाखवला तर काय करायचं याचं ट्रेनिंग त्या को-पायलटना कधी मिळालंच नव्हतं. त्या काळी स्टॉलचा सराव कमी उंचीवर, तोही इशारा वाजला की लगेच सावरायचा एवढाच असायचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोलगनचं 3407 पडलं, तिथेही स्टिक शेकर (स्टॉल जवळ आला की स्टिक थरथरवून इशारा देणारं यंत्र) हलायला लागल्यावर कॅप्टनने स्टिक मागे ओढली, 50 जण गेले. यानंतर तिथले नियम बदलले आणि 2019 पासून अमेरिकन एअरलाइनच्या पायलटना सिममध्ये पूर्ण स्टॉलमध्ये जाऊन बाहेर यावं लागतं. दहा वर्षं लागली याला, हा भाग वेगळा.

उलटं उदाहरणही आहे आणि मला ते जास्त भिववतं. 4 फेब्रुवारी 2015, तैपेई, ट्रान्सएशियाचं एटीआर 72. टेकऑफनंतर उजव्या इंजिनाचा इशारा वाजला. काही सेकंदांतच कॅप्टनने डाव्या इंजिनाचं थ्रॉटल मागे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे चांगल्या इंजिनाचं, आणि पुढे ते बंदही केलं. चूक लक्षात आली तेव्हा उंची उरली नव्हती. इशारा वाजल्यापासून सगळं मिळून दोन मिनिटं. 58 पैकी 43 जण गेले. तिथे हात मंद नव्हते हो, हात फार लवकर पळाले. म्हणून कुणी 'सराव कर, आपोआप होईल' म्हणालं की मी जरा सावध होते. कुठलं इंजिन गेलं ते दोघांनी मोठ्याने बोलून, बोट ठेवून, दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय लीव्हर हलवायचाच नाही, ही सवय वेगापेक्षा महत्त्वाची.

आता तुम्ही काय करायचं. आकाश स्वच्छ, ट्रॅफिक कमी आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल त्या दिवशी कॅप्टनना ब्रीफिंगमध्येच सांगा की आज 10,000 फुटांखाली हाताने उडवतो, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या रेघा) बंद करून. हवेत गेल्यावर अचानक विचारू नका, कोणालाच आवडत नाही. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या सरकारी विमान नियामकाने, 2013 च्या जानेवारीत एअरलाइन्सना लेखी सुचवलं होतं की योग्य वेळी पायलटना हाताने उडवायला प्रोत्साहन द्या, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. ज्या दिवशी ऑटोपायलटच उडवतोय त्या दिवशीही रिकामं बसू नका. त्या 2014 च्या अभ्यासात डोक्याची कौशल्यं त्यांचीच टिकली होती जे ऑटोमेशन चालू असतानाही मनाने विमान उडवत होते. दर वीस मिनिटांनी स्वतःला विचारायचं, आत्ता डावं इंजिन गेलं तर कुठे जाणार, या उंचीला, या वजनाला नाक किती डिग्री आणि थ्रस्ट किती ठेवला तर विमान सरळ राहतं. हे दोन आकडे पाठ असलेला माणूस वेगाचा काटा गेला तरी लगेच घाबरत नाही.

सिममध्ये चेक झाल्यावर पंधरावीस मिनिटं उरली तर बहुतेक जण कॉफीला जातात. तुम्ही इन्स्ट्रक्टरला म्हणा, मला जे जमत नाही ते द्या. जे येतं ते पुन्हा करून दाखवण्यात मजा वाटते पण त्याने काही वाढत नाही. काही एअरलाइन्सनी ठराविक कवायतीऐवजी खऱ्या घटनांच्या डेटावरून प्रसंग ठरवायची पद्धत घेतलीये, आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने, 2013 मध्ये त्याचं मॅन्युअलच काढलं, एव्हिडन्स-बेस्ड ट्रेनिंग म्हणतात त्याला. तुमच्याकडे ते नसेल तर हे पंधरा मिनिटांचं मागून घ्या.

आणि 'कॅप्टनना सांगायची सोय नाही' हे मला पटलं नाही. सगळे सारखे नसतात. दोन-तीन जण असे असतात की ज्यांच्याबरोबर रोस्टर लागलं की बरं वाटतं, त्यातल्या एकाला विचारा. बहुतेक तो म्हणेल की मलाही हेच वाटतं.

प्रश्न : कॅप्टन मॅडम, मी सतरा वर्षांचा आहे आणि घरच्या कॉम्प्युटरवर रोज फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. बाबा म्हणतात हा गेम आहे, याने काही होत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना.

उत्तर : अर्धं बाबांचं बरोबर, अर्धं तुझं. चेकलिस्ट, यंत्रांवर नजर फिरवणं, अप्रोच चार्ट वाचणं, होल्डिंगमध्ये (उतरायची वाट बघत घालायच्या घिरट्यांत) कसं शिरायचं, हे सगळं घरी छान होतं आणि मुरलेले पायलटसुद्धा चेकच्या आधी तेवढ्यापुरतं वापरतात. पण लँडिंगचा शेवटचा फ्लेअर (टेकायच्या आधी नाक हलकेच वर घेणं), रडरचा पाय आणि बुडाखालून कळणारं विमान, हे त्यात नाही, आणि चुकीची सवय लागली तर सोडवायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो. तुम्ही सिमवाली पोरं बाहेर बघतच नाही, डोळे सारखे काट्यांवर.

बाबांना एक गोष्ट सांग. पहिला गाजलेला सिम्युलेटर 1929 मध्ये एडविन लिंक नावाच्या माणसाने बनवला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तिथलेच भाते, म्हणजे पेटीला असतात तसे हवेचे भाते, त्याने त्या डब्याखाली लावले आणि डबा डोलायला लागला. लोक त्यालाही खेळणंच समजले, करमणुकीच्या बागांमध्ये ठेवायचे तो. मग 1934 मध्ये अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल न्यायचं काम आलं, वाईट हवेत पायलट पटापट मरायला लागले, तेव्हा लष्कराने तेच खेळणं विकत घेतलं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पायलट आहे. सहा महिन्यांच्या सिम परीक्षेत तो नापास झाला, दोन दिवस जेवला नाही. पुन्हा ट्रेनिंग देणार आहेत म्हणे. तो वाईट पायलट आहे का हो? नोकरी जाईल का?

उत्तर : ताई, सिम हे पडायचीच जागा आहे, तिथे पडलं तर गुडघासुद्धा फुटत नाही. एखादा भाग जमला नाही तर तेवढ्याचं जादा सेशन देतात, परत तपासतात आणि माणूस कामावर जातो, हे इतकं नेहमीचं आहे की प्रत्येक फ्लीटमध्ये अशी माणसं असतात, फक्त कोणी बोलत नाही. पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं तर विचार करावा लागतो, एकदाचं नाही. नापास झाल्यावर जो म्हणतो की सिमच खराब होता, परीक्षक खडूस होता, त्याच्याबद्दल मला शंका येते. तुमचा मुलगा दोन दिवस जेवला नाही म्हणजे त्याला लागलंय. आता फक्त त्याला झोपायला लावा, न झोपता सिमला गेलं की येत असलेलंही चुकतं.

प्रश्न : वय 62, हौशी पायलट, फक्त चांगल्या हवेत उडवतो. ढगात कधी जायचंच नाही हे ठरलेलं आहे, मग रिव्ह्यूच्या वेळी इन्स्ट्रक्टर डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावून यंत्रांवर उडवायचा हट्ट का धरतो? वेळ आणि पेट्रोल वाया.

उत्तर : ढगात जायचं कोणीच ठरवत नाही काका, ढग येतो. 1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अशाच, यंत्रांवर उडवायची सवय नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान दिलं, शेजारी अर्थातच इन्स्ट्रक्टर. विसातल्या विसांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ 178 सेकंद, सगळ्यात लवकर सुटलं ते 20 सेकंदांत. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण सरळ आहोत, विमान मात्र वळत वळत खाली चाललेलं असतं, आणि माणूस कानावर विश्वास ठेवतो. याच अभ्यासात पुढे त्या लोकांना ढगात शिरल्यावर शांतपणे अर्धा वळसा घेऊन बाहेर यायची एक ठरलेली पद्धत शिकवली आणि जवळपास प्रत्येक जण सहीसलामत बाहेर पडला. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या हूडमध्ये जे मिळतं ते नेमकं हेच, मागे वळणं.

तुमचा इन्स्ट्रक्टर बरोबर करतोय. उलट त्याला सांगा की हूड लावल्यावर मला डोळे मिटून मान खाली घालायला लावा, विमान वेडंवाकडं करा आणि मग म्हणा, आता धरा. डोळे उघडल्यावर आधी वेग बघायचा. वेग वाढत असेल तर थ्रॉटल मागे, पंख सरळ, मगच नाक वर. पंख सरळ न करता नाक ओढलं तर वळण आणखी घट्ट होत जातं आणि तिथेच माणसं जातात. वेग कमी होत असेल तर नाक खाली आणि थ्रॉटल पुढे, दोन्ही एकदम, मग पंख. आणि हूड स्वतःचा विकत घ्या, क्लबातल्याचं इलॅस्टिक कायम ढिलं असतं आणि खालून सगळं दिसत राहतं.